कर्ज नाकारले, पुढे काय?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा हा विषय मी मागून घेतला. मी सूतगिरणीतला कामगार. पाळी संपली की लोकांचे अर्ज लिहून देणे, आलेले कागद वाचून दाखवणे, हे काम मी बरीच वर्षे करतो आहे. बँकेचा कारभार मी कॉलेजात शिकलो नाही, लोकांच्या पिशवीतल्या कागदांवरून शिकलो. आणि अलीकडे त्या पिशव्यांतून घराच्या कर्जाचे नाकारलेले अर्ज फार निघतात.

माणूस अर्ज घेऊन येतो आणि खाली मान घालून बसतो. जणू काही चोरी करताना सापडला! घरात बोलणे बंद, बायको विचारते तर तिच्यावर डाफरतो. मी त्याला पहिली गोष्ट सांगतो, तीच आज तुम्हांलाही सांगतो. नकार अर्जाला मिळालेला असतो, माणसाला नाही. अर्ज का नापास झाला हे कळले, तर बऱ्याच वेळा तो दुरुस्त करता येतो. न कळता दुसरीकडे धावलो, तर तिथेही तेच होते. म्हणून माझे आजचे सगळे भाषण एका वाक्यात सांगायचे तर असे : कारण लेखी हातात आल्याशिवाय दुसरा अर्ज नाही.

आधी काय करायचे नाही ते सांगतो. नकार मिळाला की त्याच आठवड्यात चार बँकांत चार अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक तुमची कर्जाची नोंद मागवते आणि त्या चौकशीचीही नोंद होते. पाचव्या बँकेला वाटते, हा माणूस फार अडचणीत दिसतो. दुसरे, "दोन टक्के द्या, साहेबाला सांगून काम करतो" किंवा "सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका. नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. आणि चुकीची असेल तर ती फुकट दुरुस्त होते. तिसरे, मोबाईलवरच्या झटपट कर्जाला किंवा खासगी सावकाराला हात लावू नका. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. दोन लाख उचलले तर महिन्याला दहा हजार नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी! परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

आता काय करायचे ते पाहू. साचावर धागा तुटला तर आम्ही गिरणी बंद करीत नाही आणि नुसते चक्राकडे बघतही बसत नाही. तुटलेले टोक शोधतो आणि सांधतो. इथे ते टोक म्हणजे नकाराचे कारण. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "तुमचं बसत नाही." हे कारण नव्हे. कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज देणाऱ्यांसाठीची ही आचारसंहिता २००३ साली निघाली. लेखी कारण आधी लहान कर्जांपुरते होते, ते २००७ साली सगळ्या कर्जांना लागू झाले. म्हणून साध्या कागदावर शाखाधिकाऱ्यांच्या नावे चार ओळी लिहा. अर्जाचा क्रमांक, तारीख, "माझा अर्ज नामंजूर झाल्याचे तोंडी सांगण्यात आले, त्याचे कारण लेखी द्यावे, आणि आपण माझी जी कर्जनोंद मागवली तिची प्रत द्यावी." ही प्रत मागण्याचा हक्क २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी थोडे शुल्क पडू शकते. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्का नाही दिला तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. राष्ट्रीयीकृत बँक असेल तर तिला माहितीचा अधिकारही लागू आहे, अर्जाची फी दहा रुपये.

आमच्या रिंग खात्यातल्या एका सोबत्याला असाच नकार आला. त्याचा पगार ठीक, कर्ज एकही नाही. तो म्हणाला, "आडनाव बघून काढलं मला." ही शंका आपल्या माणसाच्या मनात का येते, ते मी या सभेत सांगायला नको. ती खोटीच असते असेही मी म्हणणार नाही. जात, धर्म किंवा बाई-पुरुष बघून कर्जात भेदभाव करू नये, हे त्याच आचारसंहितेत लिहिलेले आहे. पण शंका मनात ठेवून भांडता येत नाही, कागद हातात ठेवून भांडता येते. आम्ही पत्र दिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. चुलतभावाच्या टेम्पोच्या कर्जाला तो काही वर्षांपूर्वी जामीन राहिला होता आणि त्या कर्जाचे हप्ते थकले होते. भाऊ कधी बोललाच नव्हता! १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मग दोघा भावांनी बसून थकबाकी भरली, बेबाकी दाखला घेतला, नोंद सुधारून घेतली. पुढच्या वर्षी त्याला कर्ज मिळाले. मागितले होते त्यापेक्षा कमी मिळाले, घरही एका खोलीने लहान घ्यावे लागले. पण घर झाले.

आता कारणे एकेक करून घेऊ. बहुतेक नकार चार कारणांत मोडतात.

पहिले कारण कर्जाची नोंद. आपण सगळे तिला सिबिल म्हणतो, पण अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो काढा आणि ओळ न् ओळ वाचा. मायबहिणींनो, मायक्रोफायनान्सच्या गटातले तुमचे कर्जही त्यात तुमच्या नावावर दिसते. तिथे चुकलेला हप्ता इथे घराच्या आड येतो. नोंद चुकीची असेल, फेडलेले कर्ज चालू दिसत असेल किंवा दुसऱ्याचे कर्ज तुमच्या नावावर असेल, तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. "सेटल्ड" असा शेरा असेल, तर त्याचा अर्थ बँकेने कमी पैशांवर मिटवले, पूर्ण फेड झाली नाही. उरलेली रक्कम भरून दाखला घ्या आणि शेरा बदलायला सांगा. आणि ज्याने जन्मात कर्ज घेतले नाही, त्याची नोंदच नसते. केवळ तेवढ्यावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे.

दुसरे कारण मिळकत आणि हप्ते. इथे थोडे गणित करू, पोरांनो लक्ष द्या. सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत असावेत, असा हिशेब बऱ्याच बँका लावतात. हातात २२ हजार येत असतील तर हप्त्याला ११ हजार. नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी एका लाखाला हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. म्हणजे सव्वाबारा लाखांपर्यंत कर्ज बसते. पण मोटारसायकलचा हप्ता २,८०० आणि मोबाईलचा १,२०० चालू असेल, तर उरले ७ हजार. कर्ज झाले पावणेआठ लाख. एका मोटारसायकलने आणि एका मोबाईलने घराचे जवळजवळ साडेचार लाख खाल्ले! हे छोटे हप्ते आधी संपवा, मग अर्ज करा.

वयाचेही तसेच. माझ्या वयाच्या माणसाला बँक निवृत्तीपर्यंतचीच मुदत देते. दहा लाखांना वीस वर्षांत नऊ हजार हप्ता पडतो, तोच सहा वर्षांत अठरा हजार होतो. कमावता मुलगा किंवा नोकरी करणारी सून सहअर्जदार झाली तर मुदत वाढते, मिळकतही धरली जाते. मात्र कर्जात नाव असेल तर घरातही नाव असावे. नुसती सही घेऊन सुनेला बाजूला ठेवू नका. रोखीने पगार घेणाऱ्यांनी तो बँकेत भरण्याची सवय लावावी. सहा महिने-वर्षभराचे पासबुक आणि प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा बोलतो, तेवढे आपण काउंटरवर बोलू शकत नाही.

तिसरे कारण स्वतःचा पैसा कमी पडणे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते. पंधरा लाखांच्या घराला दीड लाख आपले. शिवाय दहा लाखांवरच्या घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरली जात नाही, तीही आपलीच. त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातून घराकरिता पैसे काढता येतात का, ते आधी पाहा. हातउसने सर्वांत शेवटी.

चौथे कारण जागेचे कागद. इथे माणूस पास आणि घर नापास असते. सांगली-मिरज, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत कित्येक घरे गुंठेवारीच्या जागेवर आहेत. ती नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात जागा मिळाली. मालकीची साखळी तुटलेली, वारसांच्या सह्या राहिलेल्या, भोगवटा प्रमाणपत्र नाही, बांधकाम परवान्यापेक्षा जास्त, अशी कारणे येतात. अशा वेळी मी सांगतो, बँकेवर रागावू नका. तिच्या वकिलाने तुमची आयुष्याची पुंजी वाचवली असेल. दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर विकणाऱ्याला दुरुस्त करायला लावा. नसेल तर ते घर सोडा. नवीन इमारत असेल तर महारेरावर तिची नोंदणी पाहा.

आता बयाण्याचे. कर्ज नाकारल्यावर घराघरांत रडारड होते ती या पैशापायी. बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. जुने घर घेताना "बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास बयाणा अमुक दिवसांत परत" ही ओळ बयाणापावतीत लिहून घ्या. तोंडी शब्दावर लाख रुपये देऊ नका, मग समोरचा नात्यातला असला तरी. प्रोसेसिंग फी परत मिळते का, हेही अर्ज करण्याआधीच विचारा.

कारण दुरुस्त झाले की पुन्हा अर्ज करावा. आधी पगार जमा होतो त्या बँकेत विचारा. काही गृहवित्त कंपन्या रोखीची मिळकत धरून कर्ज देतात, पण दर जास्त असतो. दहा लाख वीस वर्षांसाठी नऊऐवजी बारा टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला दोन हजार जादा आणि सगळे मिळून पावणेपाच लाखांच्या वर जादा जातात. कधी कधी वर्षभर थांबून हप्ते संपवलेले स्वस्त पडते. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

आणि बँकेने लेखी कारणच दिले नाही, किंवा चुकीची नोंद सुधारली नाही तर? आधी त्याच बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही, चौकशीचा फोन १४४४८. गृहवित्त कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. पण खरे ते सांगितले पाहिजे. कर्ज द्यायचे की नाही हा निर्णय बँकेचा. "याला कर्ज द्या" असा हुकूम लोकपाल देत नाही. नियम मोडला का, एवढेच तो बघतो.

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या वस्तीत वाचता-लिहिता येणारी, मोबाईलवर अहवाल काढता येणारी पोरे-पोरी भरपूर आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास त्यांनी या सभागृहात बसावे. ज्यांना कर्ज घ्यायचे आहे त्यांनी अर्ज करण्याआधीच कागद घेऊन यावे, आणि ज्यांना नकार आला आहे त्यांनी लाज न धरता यावे. कुणाचा आधार क्रमांक, कुणाचा ओटीपी कुणी विचारायचा नाही. ज्याचे कागद त्याच्याच हातात, आपण फक्त वाचून द्यायचे. पहिल्या रविवारी मी येतो. पत्राचा नमुना आणि कोरे कागद माझ्याकडे आहेत.