नळाचे कठीण पाणी आणि घरखर्च

(नागरी पाणीपुरवठ्यावरील परिसंवादात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शहराच्या पाण्याची चर्चा आपण नेहमी प्रमाणाच्या भाषेत करतो. माणशी किती लिटर, दिवसाआड की रोज, किती तास. नळाला येणारे पाणी कोणत्या गुणाचे आहे, हा प्रश्न मागे राहतो. आज मी त्यातील एकाच गुणाविषयी, म्हणजे पाण्याच्या कठीणपणाविषयी बोलणार आहे. उदाहरण बंगळुरूचे घेतो, कारण तेथे एकाच शहरात दोन तऱ्हेचे पाणी नांदते.

बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळपास पाचशे मीटर उंच चढवून आणले जाते. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये सुरू झाला. शहरात नंतर समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठीचा, दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. तोपर्यंत या वस्त्यांची भिस्त मुख्यतः विंधन विहिरी आणि टँकर यांवरच होती, आणि घरोघरी जोडण्या देण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. नदीचे पाणी जमिनीवरून वाहत येते, म्हणून ते तुलनेने मृदू असते. विंधन विहिरीचे पाणी मात्र ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले असते. मातीतील कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. हाच त्याचा कठीणपणा होय.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. मात्र ही मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे. धुणे, भांडी, अंघोळ आणि स्वयंपाक यांचे काय होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

माझी धाकटी बहीण पुण्याहून बंगळुरूच्या अशाच एका उपनगरात राहावयास गेली. महिनाभरात तिचा फोन आला, "दादा, इथली तूरडाळ शिजतच नाही. दुकानदार जुना माल देतो की काय?" डाळ चांगलीच होती. पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना सांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, म्हणून दाणा फुटावयास वेळ लागतो. कुकरच्या शिट्ट्या वाढतात आणि त्याबरोबर गॅसही. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे कसे उमगावे?

साबणाचा हिशेब कागदावर मांडता येतो. ३०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या शंभर लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भरते. तेवढ्याशी संयोग पावण्यात सुमारे १८० ग्रॅम साबण खर्ची पडतो, फेस त्यानंतर. वाया गेलेला हा साबण चिकट साका होऊन बादलीच्या कडेला, फरशीवर आणि कपड्यांच्या धाग्यांत बसतो. धुण्याच्या पावडरीत कठीणपणाला आवर घालणारी द्रव्ये असतात, त्यामुळे तिचे नुकसान कमी होते. तरी ती जास्त घालावी लागतेच.

गिझरमध्ये दुसराच प्रकार घडतो. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ खडूच, तळाशी आणि तापणाऱ्या कॉइलवर बसतो. रोज शंभर लिटर पाणी तापवणाऱ्या घरात याच हिशेबाने वर्षाला अकरा किलो असा ऐवज गिझरमधून जातो. सगळाच आत राहत नाही, पण थोडाही थर उष्णतेला अडवतो आणि कॉइल लवकर जळते. तापमान साठ अंशांच्या खाली ठेवले तर थर मंद गतीने साचतो. हा बिनखर्चाचा उपाय आहे.

आरोग्याच्या बाबतीत मात्र भीती वाजवीपेक्षा अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचा वेगळा लाभ दिसला नाही. तरीही या भीतीपोटी घरोघरी आरओ यंत्रे बसतात, आणि एक लिटर पाणी मिळवताना अनेकदा दोन-तीन लिटर मोरीत जाते. ज्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे आरओला मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये दिला होता, तो याच नासाडीमुळे.

पाणी मृदू करणारे यंत्र मिठावर चालते. दिवसाला ५०० लिटर पाणी वापरणाऱ्या कुटुंबाला, पाणी ३०० मिलिग्रॅमचे असल्यास, महिन्याला साधारण आठ ते दहा किलो मीठ लागते. कावेरीची जोडणी असलेल्या जुन्या पेठेतील घराला हा खर्च नाही. कडेच्या वस्तीतील माणूस टँकरलाही पैसे मोजतो आणि मिठालाही. ज्याला यंत्र परवडत नाही, तो साबणाला आणि गॅसला मोजतो. पाणीपट्टीच्या बिलावर त्या भागातील पाण्याचा कठीणपणा छापला जावा, ही माझी पहिली सूचना आहे. यंत्र घ्यावे की नको, हे मग विक्रेत्याला विचारावे लागणार नाही.

दुसरी सूचना छपरावरील पाण्याची. त्यात कठीणपणा जवळजवळ नसतो. बंगळुरूत २००९ पासून ठरावीक आकाराच्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे. पण ते बहुधा जमिनीत मुरवण्यापुरतेच योजले जाते. शंभर चौरस मीटर छपरावर तेथील सरासरी पावसात वर्षाला सुमारे ७५ हजार लिटर पाणी जमू शकते. पावसाळ्याचे महिने तरी गिझर आणि धुणे त्यावर चालवता येईल.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. यंत्रातील मीठ शेवटी सांडपाण्यात जाते आणि नेहमीच्या मलजल प्रक्रियेत विरघळलेले मीठ निघत नाही. बंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तळ्यांत सोडले जाते, ते तेथील भूजल वाढावे म्हणूनच. शहरातील न्हाणीघरांचे मीठ तिकडच्या विहिरींत किती पोहोचते, याचे मोजमाप दर वर्षी व्हावे आणि ते कोलारच्या शेतकऱ्यांना कन्नडमध्ये कळवले जावे.