नाव उचलता येतं, वेड नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कादंबरी संपते, आपण पुस्तक मिटतो. पण मनातला प्रश्न काही मिटत नाही. पुढं काय झालं? बहुतेक वाचक हा प्रश्न उशाशी घेऊन झोपी जातात. काही थोडे मात्र उठतात, कागद ओढतात आणि उत्तर स्वतःच लिहून काढतात. लेखकाला न विचारता. गाजलेल्या कादंबऱ्यांचे असे बिनपरवाना उत्तरार्ध जगातल्या अनेक भाषांमध्ये लिहिले गेले आहेत. हा उद्योग चांगला की वाईट, असं एकदम विचारलं तर सरळ उत्तर देता येत नाही. म्हणून यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण आधी पाहू. ते चारशे वर्षांपूर्वीचं आहे आणि स्पेनमधलं आहे.

१६०५ साली माद्रिदमध्ये मिगेल द सर्व्हांटिस यांची ‘डॉन किहोटे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. इंग्रजीच्या वाटेनं आपल्याकडे तो डॉन क्विक्झोट म्हणून आला. शौर्यकथा वाचून वाचून डोकं फिरलेला खेड्यातला एक उतारवयाचा गृहस्थ, त्याचा मरतुकडा घोडा, मागं गाढवावर बसलेला सांचो पान्सा, आणि मनात दुल्सिनिया. ही दुल्सिनिया म्हणजे शेजारच्या गावची एक शेतकरी मुलगी; पण या गृहस्थानं तिला कल्पनेनंच राजकन्या करून टाकलेलं. पवनचक्क्यांना राक्षस समजून तो भाला घेऊन धावतो आणि आपटतो. लोकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी लिस्बनमध्ये ते परवानगीवाचून छापलंही गेलं. सर्व्हांटिस तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्यांचा डावा हात कायमचा निकामी झाला होता. नंतर पाच वर्षं ते अल्जीयर्समध्ये कैदेत होते. पुस्तकाचे हक्क पुस्तकविक्रेत्याला विकलेले होते. कीर्ती मिळाली, पैसा बेताचाच.

त्या पहिल्या भागाच्या शेवटी सर्व्हांटिस सांगतात की, नायक तिसऱ्यांदा घराबाहेर पडून सारागोसाला गेला, अशी लोकांत आठवण आहे. इतकंच नव्हे, शेवटी त्यांनी अरिओस्तो या इटालियन कवीची एक ओळ ठेवली, जिचा रोख असा की, पुढचं कदाचित दुसरा कुणी अधिक चांगलं गाईल. दार त्यांनीच किलकिलं ठेवलं होतं म्हणा ना.

नऊ वर्षं गेली. आणि १६१४ साली तारागोनाच्या छापाचा ‘डॉन किहोटे’चा दुसरा भाग बाजारात आला. लेखक : आलोन्सो फेर्नांदेस द आवेयानेदा, राहणार तोर्देसियास. हे नाव खोटं होतं. त्यामागं कोण होतं, यावर अभ्यासक आजही एकमत होऊ शकलेले नाहीत. दुसऱ्याची कथा पुढं नेणं त्या काळच्या स्पेनमध्ये नवं नव्हतं. ‘गुस्मान द आल्फाराचे’ या लोकप्रिय कादंबरीचा असाच एक परका दुसरा भाग १६०२ साली निघाला होता. मूळ लेखक मातेओ आलेमान यांनी १६०४ मध्ये आपला खरा दुसरा भाग लिहिला, आणि त्या परक्या लेखकाच्या टोपणनावाचं एक पात्रच त्यात आणलं. ते बिचारं वेड लागून, स्वतःला गुस्मान समजून समुद्रात उडी टाकतं!

आवेयानेदा एवढ्यावर थांबला नाही. प्रस्तावनेत त्यानं सर्व्हांटिस यांचं म्हातारपण आणि निकामी हात यांची टिंगल केली. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा मानसपुत्र पळवायचा आणि वर त्याच्या थोटेपणावर हसायचं. सर्व्हांटिस त्या वेळी आपला दुसरा भाग लिहीतच होते. कोर्टकचेरीचा मार्ग त्यांना नव्हताच. लेखकाच्या पात्रावर लेखकाचा हक्क मानणारा कायदाच तेव्हा नव्हता. हातात होती ती लेखणी.

त्या लेखणीनं जे केलं त्याला तोड नाही. १६१५ साली आलेल्या खऱ्या दुसऱ्या भागाच्या एकोणसाठाव्या प्रकरणात डॉन किहोटे एका खाणावळीत उतरला आहे. शेजारच्या खोलीत दोन गृहस्थ एक पुस्तक वाचताहेत. ते पुस्तक म्हणजे तोच खोटा दुसरा भाग. पातळ भिंतीपलीकडून आपला नायक ऐकतो की, या पुस्तकात डॉन किहोटेचं दुल्सिनियावरचं प्रेम उडालेलं आहे. आणि तो भडकतो. चोरी झाली म्हणून नव्हे, आपण दुल्सिनियाला विसरलो असं कुणी लिहिलं म्हणून!

मला वाटतं, या साऱ्या विषयाची किल्ली या एका रागात आहे. आवेयानेदानं नाव उचललं, घोडा उचलला, गाढव उचललं, सांचो उचलला. पण त्याचा नायक स्वतःला ‘प्रेमविरहित सरदार’ म्हणवतो. त्याच्या गोष्टीचा शेवट तोलेदोच्या वेड्यांच्या इस्पितळात होतो. त्याला या माणसात फक्त एक हसण्याजोगा वेडा दिसला. हा वेडा कशासाठी वेडा आहे, ते दिसलंच नाही. किहोटेमधून दुल्सिनिया काढली तर उरतो तो नुसता भाला घेतलेला म्हातारा.

बाकीच्या चुका किरकोळ होत्या. खोट्या पुस्तकात सांचोच्या बायकोचं नाव चुकलं म्हणून सर्व्हांटिस यांची पात्रं तक्रार करतात. गंमत अशी की, पहिल्या भागात खुद्द सर्व्हांटिसनीच या बाईला दोन-तीन वेगवेगळी नावं दिली होती! नाव चुकलं तर वाचक क्षमा करतो. माणूस चुकला तर करत नाही.

पुढची मजा तर विचारूच नका. खोट्या पुस्तकातला नायक सारागोसाला गेला होता, म्हणून खरा नायक ठरवतो : मी सारागोसात पाऊल टाकणार नाही. तो बार्सिलोनाला जातो. तिथल्या छापखान्यात त्याला तेच खोटं पुस्तक तपासून होताना दिसतं. परतताना त्याला आल्वारो तार्फे भेटतो. हे आवेयानेदाच्या पुस्तकातलं पात्र. डॉन किहोटे त्याला गावच्या अधिकाऱ्यासमोर उभं करून रीतसर जबानी लिहून घेतो की, मी पूर्वी पाहिलेला किहोटे हा नव्हे. आणि शेवटी सर्व्हांटिस आपल्या नायकाला शहाणा करतात, अंथरुणावर मृत्यू देतात. आता कुणी याला पुन्हा उठवू नये, हा त्यामागचा उघड हेतू. पुढच्याच वर्षी, एप्रिल १६१६ मध्ये, ते स्वतःही गेले.

या कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. सर्व्हांटिस म्हणतात, ही कथा माझी नव्हेच. सिदे हामेते बेनेनगेली या अरब इतिहासकाराची आहे. तोलेदोच्या बाजारात आपल्याला तिची अरबी हस्तलिखितं सापडली आणि एका मोरिस्कोकडून, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांच्या वंशजाकडून, ती आपण भाषांतरित करून घेतली. मोबदला काय, तर मनुका आणि गहू. सांचोला हे बेनेनगेली नाव जमत नाही. तो ‘बेरेन्हेना’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये बेरेन्हेना म्हणजे वांगं! ही सारी थट्टाच. पण १६०९ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत स्पेननं मोरिस्कोंना देशाबाहेर घालवलं, आणि त्यानंतर आलेल्या दुसऱ्या भागातही सर्व्हांटिसनी त्या अरब लेखकाला त्याच्या जागेवरून हलवलं नाही. कथा अनेक हातांतून येते, हे त्यांना मान्य होतं. फक्त प्रत्येक हाताचं नाव घ्यायचं आणि त्याच्या मनुका त्याला द्यायच्या.

आता आपल्या जवळ येऊ. माझ्या पिढीत उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी हे नाव ठाऊक नाही असं घर विरळा. असरार अहमद हे त्यांचं खरं नाव. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, त्याच वर्षी ते कराचीला गेले, आणि १९५५ मध्ये त्यांनी इम्रान हा वरून बावळट, आतून तल्लख नायक उभा केला. हिंदी आवृत्त्यांत हाच इम्रान राजेश झाला. १९६० ते १९६३ ही तीन वर्षं ते आजारी होते, लेखन थांबलं. वाचक कासावीस. आणि मग त्यांच्या नावातलं एखादं अक्षर इकडंतिकडं करून नवनवे ‘सफी’ बाजारात उगवले. स्टॉलवर घाईत उभ्या असलेल्या वाचकानं फसावं, एवढीच त्या अक्षराची कामगिरी. अंथरुणाला खिळलेला लेखक, आणि त्याच्या पात्रांवर दुसऱ्यांच्या चुली पेटलेल्या. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले, भारतातल्या आवृत्तीचं प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झालं, आणि आठवड्याभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. वाचकांनी आपला निकाल दिला.

पण याच कहाणीला दुसरी बाजू आहे. मुलतानचे मजहर कलीम यांनी इम्रानला घेऊन शेकडो कादंबऱ्या लिहिल्या, त्या स्वतःच्या नावानं. इब्ने सफींचा इम्रान आणि त्यांचा इम्रान यांत कोण सरस, यावर वाद घालणारे घालोत. पण वाचकाला ठाऊक असायचं की आपण कुणाचं पुस्तक विकत घेतोय.

आता कायदा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचे हक्क राहतात. २००९ मध्ये जे. डी. सॅलिंजर यांच्या होल्डन कॉलफील्डला शहात्तर वर्षांचा करून एका स्वीडिश लेखकानं कादंबरी लिहिली. नव्वदीतल्या सॅलिंजर यांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात जाऊन तिचं अमेरिकेतलं प्रकाशन रोखलं. लेखकाच्या पोटाचं रक्षण कायद्यानं करावंच. पण पुढचा भाग प्रेमानं लिहिला की लोभानं, हे कोर्टाला कसं कळणार? ते वाचकालाच कळतं.

आमच्या उर्दू कवितेत ‘तजमीन’ नावाचा एक रिवाज आहे. दुसऱ्या शायराचा मिसरा घ्यायचा आणि त्याला आपल्या ओळी जोडायच्या. मात्र घेतलेला मिसरा अवतरणचिन्हांत ठेवायचा, मुशायऱ्यात म्हणताना मूळ शायराचं नाव घ्यायचं. असं केलं तर ती चोरी नाही, तो मुजरा आहे. मराठीलाही हे नवं नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले अशुद्ध पाठ दूर करायला नाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसावं लागलं, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावावंही लागलं. तेच नाथ भावार्थरामायण लिहिताना वाल्मीकींची कथा स्वतःच्या ओवीत, स्वतःच्या नाममुद्रेनं सांगतात. घुसडणं वेगळं आणि पुढं गाणं वेगळं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरात एखादी मुलगी आवडत्या कादंबरीचा पुढचा भाग वहीत लिहीत असेल, तर तिची वही काढून घेऊ नका. वाचनाची ही शेवटची पायरी आणि लेखनाची पहिली. वहीवर तिनं स्वतःचं नाव घातलंय ना, एवढं पाहा. आणि तिला एकच विचारा : तुझ्या या नायकाचं वेड कशासाठी आहे, ते तुला कळलंय का? ते कळलं असेल, तर आज ना उद्या तिला स्वतःचा नायक सापडेल. मग दुसऱ्याचा लागणारच नाही.