वाट आणि वहिवाट

एखाद्या खेड्यात जाऊन म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, "बाबा, ही बांधावरची वाट कुणाची?" तो म्हणेल, "कुणाची कशाला? वहिवाटीची आहे." हा 'वहिवाट' शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. माणसं पिढ्यान् पिढ्या जात राहिली म्हणून वाट झाली, आणि जात राहिली म्हणूनच तिच्यावरचा हक्क टिकला. चार पावसाळे कुणी फिरकलं नाही, तर गवत माजतं, शेजारचा बांध कोरला जातो, आणि वाट दिसेनाशी होते. मग तहसील कचेरीत खेटे सुरू!

आज मी तुम्हांला एका वाटेची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही, इंग्लंडमधली आहे. पण ऐकाल तर ओळखीची वाटेल.

इंग्लंडच्या उत्तर भागात पेनाईन नावाची डोंगरांची रांग आहे. तिला त्या देशाचा कणा म्हणतात. डोंगर काही फार उंच नाहीत. सगळ्यांत उंच शिखर क्रॉस फेल, ते ८९३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडं जास्त. या रांगेच्या दोन्ही अंगांना गिरण्यांची शहरं वसली. त्यांतल्या मँचेस्टरचं नाव आपल्या गिरणगावालाही परकं नाही. आठवडाभर गिरणीत, कारखान्यात राबायचं आणि रविवारी डोंगरावर मोकळी हवा खायची, एवढीच तिथल्या कामकऱ्यांची चैन. पण डोंगर मोकळा होता कुठे? माळ जमीनदारांच्या मालकीचे. ग्राउज नावाच्या पक्ष्याची शिकार करता यावी म्हणून ते राखून ठेवलेले. जागोजागी मनाईच्या पाट्या, आणि हातात सोटे घेतलेले राखणदार.

२४ एप्रिल १९३२. रविवार होता. बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या बेकार पोरानं पुढाकार घेतला आणि काहीशे तरुण-तरुणी किंडर स्काउट या डोंगराकडे निघाली. मनाई मोडून वर चढायचं, हा बेत त्यांनी उघड सांगितला होता. राखणदारांशी झटापट झाली. परत येताना सहाजणांना पकडलं आणि त्यांतल्या पाचांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले. गंमत पाहा, त्या वेळच्या पदभ्रमण मंडळांनाही हा प्रकार पसंत नव्हता. त्यांना वाटे, अर्जविनंत्यांनी जे मिळायचं तेही आता हातचं जाईल. पण शिक्षेची बातमी देशभर झाली, आणि डोंगर कुणाचा, हा प्रश्न लोक मोठ्यानं विचारू लागले.

यानंतर तीन वर्षांनी टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकारानं 'डेली हेरल्ड'मध्ये एक लेख लिहिला. हा गृहस्थ लहानपणी कापडछपाईच्या कारखान्यात उमेदवारी केलेला. दोन अमेरिकन मुलींनी पत्र पाठवून विचारलं होतं, की आमच्याकडच्या ॲपलेशियन वाटेसारखी दूरवर चालत जायची एखादी वाट तुमच्याकडे आहे का? स्टीफन्सनना मोठी लाज वाटली. त्यांनी लिहिलं, की पेनाईनच्या माथ्यावरून थेट स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत एक लांबलचक पाऊलवाट हवी. १९३८ साली त्यासाठी एक मंडळ स्थापन झालं. मोजदाद केली, तर अडीचशे मैलांपैकी बहुतेक तुकडे आधीच वहिवाटीचे निघाले. जाण्याचा हक्क नव्हता तो सुमारे सत्तर मैलांवर. बघा, सगळं अडलं होतं ते एवढ्याशा सत्तर मैलांपाशी!

मध्ये महायुद्ध आलं. ते सरलं, आणि मग स्टीफन्सननी जी युक्ती केली, ती मला फार शहाणपणाची वाटते. आपण काय करतो? निवेदन लिहितो, सह्या गोळा करतो, मंत्र्यांची भेट मागतो. त्यांनी मे १९४८ मध्ये पार्लमेंटच्या काही सभासदांनाच पाठीवर पिशव्या घ्यायला लावल्या आणि तीन दिवस पेनाईनवर आपल्याबरोबर चालवलं. त्या तुकडीत साठ वर्षांचे ह्यू डाल्टन होते. अर्थसंकल्पातली बातमी भाषणाआधीच एका बातमीदाराजवळ बोलून बसले, म्हणून सहा महिन्यांपूर्वीच त्यांना अर्थमंत्रिपद सोडावं लागलं होतं. पुढे मंत्री झालेल्या बार्बरा कॅसल होत्या. कायदा करणारी ही माणसं. नकाशावर बोट फिरवून जे कळत नाही, ते त्यांना पायांनी कळलं असणार. इथे वाट आहे, इथे मध्येच संपते, आणि पुढचा तुकडा नसेल तर मागचे शंभर मैल फुकट!

दुसऱ्याच वर्षी, १९४९ साली, राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला. १९५१ साली या वाटेला मंजुरी मिळाली. पण कायदा झाला म्हणजे काम झालं असं नव्हे, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. एकेका मालकाच्या जमिनीतून हक्क मिळवायचा होता. शिकारवाल्यांची हरकत, पाणीपुरवठेवाल्यांची हरकत. लोक फिरले तर तलावांचं पाणी घाण होईल, असं यांचं म्हणणं. यात चौदा वर्षं गेली. अखेर २४ एप्रिल १९६५ रोजी मॅलमच्या माळावर पेनाईन वेचं उद्घाटन झालं. तारीख तीच, किंडरच्या मोर्चाची. फक्त तेहतीस वर्षांनंतरची. स्टीफन्सननी लेख लिहिला त्यालाही तोवर तीस वर्षं झाली होती.

इथे गोष्ट संपायला हवी, पण संपत नाही. वाट खुली झाली आणि माणसांची रीघ लागली. त्या माथ्यावरची जमीन म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा, भिजका थर. बुटांखाली त्याचा चिखल झाला. चिखल टाळायला माणसं कडेनं चालली, तर कडेचाही चिखल झाला. पावलांनी मिळवलेली वाट पावलांनीच मोडायला घेतली! तेव्हा त्यावर उपाय काढला तो असा. लँकेशायर-यॉर्कशायरमधल्या कित्येक गिरण्या एव्हाना बंद पडल्या होत्या. त्यांच्या जमिनीच्या भल्यामोठ्या फरशा उचलून हेलिकॉप्टरनं डोंगरावर नेल्या आणि चिखलावर एकापुढे एक मांडल्या. ज्या फरशांवर आजे-पणजे आठवडाभर उभे राहून राबले, त्याच फरशांवरून आता नातवंडं रविवारी डोंगर चालतात. एखाद्या फरशीवर जुन्या यंत्राच्या खिळ्याचं भोकही दिसतं म्हणे.

आणि २००२ साली, किंडरच्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्या जमीनदार घराण्याच्या ड्यूकनी तिथे येऊन आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्या सह्याद्रीत घाटावरून कोकणात उतरणाऱ्या कितीतरी वाटा होत्या. मोटाररस्ते झाले आणि त्यांतल्या पुष्कळशा कारवीत बुजत चालल्या. मोडत आलेली अशी एखादी वाट तुमच्या गावाजवळही असेल. उन्हाळ्याआधी एखाद्या रविवारी चारचौघं जमवा. गावातला जुना जाणता माणूस पुढे घाला, कोयता त्याच्या हाती द्या. ज्याच्या शेतातून जायचं, त्याला आधी हाक मारा, जमलं तर बरोबर घ्या. जिथे पाणी वाटेवरून वाहून माती खातं, तिथे चार दगड आडवे लावा. सरपंचांना, तलाठ्यांना निवेदन जरूर द्या, पण त्याआधी एकदा चालायला बोलवा.

आणि मुख्य म्हणजे, पुढच्या वर्षी पुन्हा जा.