वर्दी, यकृत आणि गोळ्या
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, फौजेतले अनुभव सांगा. मी आजाराबद्दलच बोलतो. सुट्टीवर आलो तेव्हा डोळे पिवळे होते, आणि अर्ध्या भंडाऱ्याने ठरवलं, फौजी आहे, रमने लिव्हर गेलं. मी दारूला शिवत नाही हो!

आजाराचं नाव ऑटोइम्यून हेपॅटायटिस. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटते. पहारेकऱ्याने स्वतःच्या चौकीवर गोळ्या झाडाव्यात तसं. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रक्ततपासणी, बायोप्सी, मग प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन. चेहरा सुजला, साखर वाढली.

सैन्यात 'शेप' ही वैद्यकीय श्रेणी असते. त्यातला 'पी' म्हणजे शारीरिक क्षमता; माझी तिथेच घसरली. उंचावरची पोस्टिंग बंद झाली. वर्दी राहिली, पण सोबतचे वर गेले आणि मी स्टोअरमध्ये त्यांचे बर्फातले बूट मोजून देत राहिलो. ते अजून सलतं.

कावीळ 'उतरवायला' माळ घालून बसू नका, आधी रक्त तपासा. स्टेरॉइड तर बरं वाटलं म्हणून मनाने एकदम सोडूच नका.

आज पंगतीत मला जिलेबी वाढू नये, वहिनी. परवा तपासणी आहे.