न भरणारी जखम : त्वचेच्या कर्करोगाविषयी



बारामती व इंदापूर तालुक्यांतील खेड्यांत कर्करोगाचे नाव निघाले की तोंडाचा, गर्भाशयमुखाचा किंवा स्तनाचा कर्करोग डोळ्यांपुढे येतो. कर्करोग त्वचेलाही होतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ठाऊक असले तरी तो गोऱ्या लोकांचा, समुद्रकाठी उन्हात पहुडणाऱ्यांचा रोग, अशी समजूत असते. ती समजूत अर्धीच खरी आहे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांना बरेचसे अडविते, म्हणून भारतीयांत हा रोग कमी आढळतो. परंतु तो होतो तेव्हा पुष्कळदा ऊन लागणाऱ्या चेहऱ्यावर न होता वस्त्राखाली, पायावर किंवा जुन्या व्रणावर होतो, आणि म्हणूनच उशिरा लक्षात येतो.

त्वचा एकाच जागी वर्षानुवर्षे दुखावत राहिली, तर तेथील पेशींची वाढ बिघडू शकते. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशावरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. काश्मीरमध्ये फिरनखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर व मांडीवर असाच रोग दिसून आला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंतराव खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात धोतर कमरेस घट्ट नेसल्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे.

धोतर मागे पडले. परंतु परकराची नाडी राहिली. वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय यांतील डॉक्टरांनी २०२४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेवर घट्ट बांधण्याच्या जागी न भरणारा व्रण होता. एकीने तो दीड वर्ष अंगावर काढला, दुसरीने दोन वर्षे. दुसरी स्त्री चाळीस वर्षे परकराविना लुगडे घट्ट नेसत आलेली होती. निदान झाले तेव्हा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोचला होता. कमरेची जखम ही घरच्या माणसांस न दिसणारी, पुरुष डॉक्टरास दाखविण्याची लाज वाटणारी. दोन वर्षांच्या विलंबाचे कारण येथेच शोधावे लागते.

उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. नाडी सैल बांधावी, तिच्याऐवजी रुंद पट्टा शिवून घ्यावा, बांधण्याची जागा अधूनमधून वरखाली करावी. कमरेवरची कातडी काळवंडून खरखरीत झाली, तिची साले निघू लागली, की ती पहिली सूचना समजावी.

या भागास अधिक लागू पडणारे दुसरे कारण म्हणजे भाजल्याचे व्रण. गुऱ्हाळात काहिलीतील उकळता रस अंगावर उडतो, चुलवाणाशी पाय भाजतो. घरात स्टोव्हचा भडका होतो. अशी मोठी जखम कातडी न लावता तशीच भरू दिली, की तेथे आखडलेला, पातळ, वारंवार फुटणारा व्रण राहतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ यांनी १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन केले, आणि त्यांत उद्भवणाऱ्या कर्करोगास आज त्यांचेच नाव आहे. भाजणे आणि कर्करोग यांत वीस-तीस वर्षेही जातात. लहानपणी भाजलेली मुलगी नातवंडांची आजी होते, तेव्हा तो जुना व्रण पुन्हा चिघळतो आणि जुनेच दुखणे म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरील जुनाट जखमेचीही हीच गोष्ट. भाजल्याबरोबर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, तूप किंवा दंतमंजन लावू नये. आणि खोल भाजले असेल तर कातडी लावण्याविषयी शल्यविशारदास वेळीच विचारावे.

ओळखावयाचे ते एवढेच : एक महिन्यात न भरलेली जखम. तिच्या कडा जाड व उचललेल्या असतील, मांस फुलकोबीसारखे वाढत असेल, हात लागताच रक्त येत असेल किंवा दुर्गंधी सुटली असेल, तर एक दिवसही दवडू नये. मेलॅनोमा नावाचा अधिक घातक प्रकार भारतीयांत बहुधा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली काळ्या डागाच्या रूपाने येतो. डाग पसरत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या व रंग कमीअधिक असेल, तर ते कुरूप समजून ब्लेडने तासणे किंवा त्यावर चुना व क्षार लावणे अत्यंत अपायकारक होय.

उन्हाचा दोष अगदीच नाही, असे नव्हे. गांधी टोपीने कान व ओठ झाकले जात नाहीत. जुने पागोटे त्या दृष्टीने बरे होते. जन्मतः वर्णहीन असलेल्या मुलांस ऊन फार बाधते. काही मुलांच्या चेहऱ्यावर अगदी लहानपणीच तीळवजा डाग उठतात व उजेडात डोळे मिटतात. हा झेरोडर्मा नावाचा आनुवंशिक विकार असू शकतो. जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव वाढतो. अशा मुलास कवाईतीसाठी भर उन्हात उभे करू नये, एवढे शिक्षकांनी पाहावे.

निदानासाठी जागा बधिर करून जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. रोग जागेवरच असेल तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह तो कापून काढणे हाच मुख्य उपचार, आणि बहुसंख्य रुग्ण त्याने पूर्ण बरे होतात. जांघेत वा काखेत गाठी असल्यास त्याही काढाव्या लागतात व किरणोपचारांची जोड द्यावी लागते. भाजल्याच्या व्रणातील कर्करोग अधिक वेगाने पसरतो, म्हणून तेथे विलंब महाग पडतो. बारामतीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढील उपचारांसाठी पुण्याचे ससून, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र जवळ असावे.

बार्शीस १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून साध्या भाषेत माहिती दिली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, हे तेथील नोंदींवरून दिसून आले. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटे काढून कमरेच्या व्रणाविषयी बोलणे अशक्य नाही. पंचायतीच्या स्त्री सदस्या व आशा सेविका ते अधिक मोकळेपणाने बोलू शकतील. आणखी एक लहानशी गोष्ट त्यांच्याच हातची आहे. तुकडा तपासणीस गेल्यावर अहवाल येण्यास काही दिवस लागतात. तोवर मलमपट्टीने जखमेचा ठणका कमी झालेला असतो, ऊसतोड किंवा पेरणी तोंडावर आलेली असते, आणि रुग्ण पुन्हा रुग्णालयात फिरकत नाही. तो कागद कोणत्या दिवशी मिळणार हे विचारून ठेवावे आणि त्या दिवशी रुग्णाबरोबर गावातील एकाने जावे.