अणुकचऱ्याचा हिशेब कोणी द्यावयाचा?

(अक्कलकुवा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



विजेच्या उत्पादनखर्चात काय धरावे आणि काय वगळावे, हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा दिसतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे. अक्कलकुवा तालुक्याला हे निराळे सांगावयास नको. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. पण मणिबेलीसह अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांनी त्यापायी जी जमीन, जे जंगल आणि जी नदी गमावली, त्यांचे पुरते मोल कोणत्याही वीजदरात उमटले नाही.

अणुविजेविषयी असाच प्रश्न शेजारच्या दक्षिण गुजरातेतून विचारला गेला. नंदुरबार जिल्ह्यातून जाणारी तापी उकाईच्या जलाशयात उतरते आणि त्याच्या खालच्या अंगाला काकरापारचे अणुवीज केंद्र उभे आहे. त्या मुलखातील वेडछी येथून भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर आणि त्यांच्या पत्नी डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी १९८७ पासून ‘अणुमुक्ती’ हे नियतकालिक चालविले. १९९१ मध्ये त्यांनी राजस्थानातील रावतभाटा केंद्राजवळच्या आणि दूरच्या गावांतील लोकांच्या आरोग्याची तुलना केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारी अणुयंत्रणेला तो मान्य झाला नाही. निष्कर्षाविषयी वाद होऊ शकतो. परंतु अशी पाहणी घरोघर जाऊन कार्यकर्त्यांनाच करावी लागावी, ही गोष्ट लोकशाहीला भूषणावह नाही.

गाडेकरांच्या भूमिकेचे सार असे की, ज्या कचऱ्याची अखेरची विल्हेवाट लावता येत नाही, तो निर्माण करीत राहणे हा पुढील पिढ्यांवरील अन्याय होय. प्लुटोनियम-२३९ ची तीव्रता निम्म्यावर येण्यास सुमारे २४,१०० वर्षे लागतात. शासनाचे उत्तर असे की, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढून ते पुन्हा उपयोगात आणता येते आणि उरलेला तीव्र कचरा काचेत बंदिस्त करता येतो. हे तंत्र खरे आहे, भारताने ते आत्मसातही केले आहे. पण त्याने कचरा आटोपशीर होतो, नाहीसा होत नाही. तो कायमचा पुरण्यासाठी खोल भूगर्भातील भांडार भारतात अद्याप उभे नाही.

मग हा खर्च हिशेबात दिसत का नाही? येथेच अर्थशास्त्रातील मेख आहे. भविष्यातील खर्चाला वटाव लावून त्याचे आजचे मूल्य काढण्याची रीत आहे. वटावाचा दर ५ टक्के धरला, तर १०० वर्षांनी करावयाचा एक कोटी रुपयांचा खर्च आज सुमारे ७६ हजारांचा ठरतो; ३०० वर्षांनंतरचा तोच खर्च पाच रुपयांहूनही कमी! कारखानदाराच्या यंत्रसामग्रीला ही रीत शोभते; न जन्मलेल्या माणसांच्या जीविताला ती लावणे म्हणजे त्यांना हिशेबातूनच पुसून टाकणे होय. धरणाच्या हिशेबात आदिवासी जसा पुसला गेला, तसाच.

अणुविरोध म्हणजे अंधाराचा पुरस्कार नव्हे. अक्राणीतील बिलगाव येथे २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने १५ किलोवॉटचा लघुजलविद्युत प्रकल्प उभारला आणि दिवे लावले. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने तो गिळला. एवढ्याशा प्रकल्पाने कारखाने चालले नसते, हे कबूल. तथापि त्याचा हिशेब गावाला कळत होता आणि त्याचे ओझे नातवंडांवर पडत नव्हते.

म्हणून चळवळीची मागणी नेमकी हवी. अणुकचऱ्याच्या दीर्घकालीन रक्षणाचा संपूर्ण खर्च वीजदरासोबत जाहीर व्हावा. केंद्रांच्या परिसरात स्वतंत्र आरोग्य पाहणी होऊन तिची आकडेवारी लोकभाषेत प्रसिद्ध व्हावी. आणि नवी वीज निर्माण करण्याआधी वाया जाणारी वीज वाचविली जावी. नवे केंद्र मागणाऱ्यास पहिला प्रश्न एकच विचारावयाचा : याची राखण कोण करणार, किती वर्षे, आणि कोणाच्या पैशाने?