रेणूंच्या चित्रांची निवडानिवड



समजा, एका वर्गात चाळीस मुलं आहेत. वीस जणांना ऐंशी गुण पडले, वीस जणांना वीस. सरासरी निघाली पन्नास. हिशेब चोख आहे. पण पन्नास गुण मिळालेला मुलगा त्या वर्गात शोधून सापडायचा नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रथिनांचे रेणू पाहताना शास्त्रज्ञांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहते.

प्रथिनाचा आकार शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. रेणू ज्या पाण्यात असतात त्याचा पातळ थर अतिशय थंड द्रवात बुडवून गोठवतात, तोही इतक्या झटपट की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळू नये. ही युक्ती झाक द्युबोशे यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केली. परंतु झोत जोरात सोडला तर रेणूच मोडतो. तो बेतानं सोडावा, तर चित्र येतं धुकट, ठिपक्यांनी भरलेलं. यावर उपाय असा की, हजारो, लाखो रेणूंची चित्रं घ्यायची, ती एकमेकांशी जुळवायची आणि सरासरी काढायची. शंभर चित्रांची सरासरी काढली की ठिपक्यांचा गोंधळ दहापट कमी होतो.

इथपर्यंत ठीक. पण ही सगळी चित्रं एकाच आकाराची आहेत, हे कशावरून? एकसारख्या हजार बैलांची छायाचित्रं दाट धुक्यात घेतली, असं समजा. काही बैल चरताहेत, त्यांची मान खाली. काहींनी मान वर उचललेली. सगळी चित्रं एकावर एक ठेवली तर धड स्पष्ट येईल, आणि डोक्याच्या जागी नुसता धूसर पट्टा. शिवाय कुणी समोरून दिसतो, कुणी बाजूनं. म्हणजे दोन चित्रांतला फरक पाहण्याच्या बाजूमुळे पडला, की बैलानं खरोखरच मान हलवली, हे आधी ठरवायला हवं. रेणूंचंही असंच आहे. काम करताना ते वाकतात, उघडतात, मिटतात. काहींना दुसरा रेणू चिकटलेला असतो, काही मोडलेले असतात.

तेव्हा शिजवण्याआधी तांदूळ निवडावेत, तशी ही चित्रं निवडावी लागतात. योआखिम फ्रँक आणि मारिन व्हान हील यांनी १९८१ साली यासाठी संख्याशास्त्राची एक पद्धत मांडली. पुढे संगणकांची ताकद वाढली, तशी ही निवड अधिक नाजूक झाली. धुकट चित्र ठामपणे एकाच ढिगात टाकण्याऐवजी संगणक शक्यता मोजतो: हे चित्र बारा आणे या गटातलं, चार आणे त्या गटातलं. त्या प्रमाणात त्याचा वाटा दोन्हीकडे घालतो, नवी सरासरी काढतो आणि सगळी चित्रं पुन्हा तपासतो. अशा फेऱ्या होता होता गट वेगळे होत जातात.

या निवडीचं मोल २०२० साली दिसलं. करोना विषाणूच्या काट्याचं प्रथिन तीन सारख्या घटकांचं असतं. अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जेसन मॅक्लेलन यांच्या गटानं त्याचा आकार काढला. बहुसंख्य रेणूंत तीनपैकी एकच टोक वर उचललेलं आढळलं. मानवी पेशीला धरायचं ते याच टोकानं. तिन्ही घटक हुबेहूब सारखे धरून सरासरी काढली असती, तर ते टोक तीन जागी वाटलं जाऊन पुसट झालं असतं.

मात्र निवडणाऱ्याच्या मनात आधीच एखादं चित्र ठसलेलं असलं, तर दगा होतो. नुसत्या ठिपक्यांची हजार चित्रं आईनस्टाईनच्या छायाचित्राशी जुळवून सरासरी काढली, तर त्यांतून चक्क आईनस्टाईनच दिसू लागतो! रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ साली या धोक्याचा इशारा दिला. द्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन या तिघांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून चित्रांचे दोन भाग करायचे, दोहोंवर स्वतंत्रपणे काम करायचं आणि दोन्हींतून एकच आकार निघतो का ते पाहायचं, असा दंडक पडला आहे. निवडता निवडता एखादा लहानसा गट मागे उरतो. तो कचरा म्हणून फेकण्यापूर्वी दोनदा पाहावा लागतो. कारण रेणू क्षणभरच जो आकार धारण करतो, तो कदाचित त्यातच सापडायचा असतो.